जाणत्या जॅझ वादकांसोबत क्लबात वाजवायचंय? ट्रम्पेटवाल्याची तयारी

वेंगुर्ला-सावंतवाडीकडे बँडपथकात ट्रम्पेट शिकलेल्या मुलाला गोव्यातल्या एखाद्या क्लबातून निरोप येतो: शनिवारी ये, आमच्याबरोबर दोन-तीन ट्यून वाजव. सूर चांगला, दम चांगला, म्हणूनच बोलावलेलं असतं. तरी पहिल्या रात्री गडबड होते ती बहुतेक एकाच जागी: आवर्तनात आपण कुठे आहोत हे सुटतं. तीस-चाळीस वर्षं वाजवलेला पियानोवाला सगळ्यात आधी हेच ऐकतो की पाचव्या बारला (बार म्हणजे चार मात्रांचा एक खण) तुम्ही त्याच्याबरोबर वळलात की नाही. वरचा सी त्याला नंतर ऐकायचा असतो. म्हणून तयारीतला निम्म्याहून जास्त वेळ या एका गोष्टीला द्या.

आधी पट्टी

ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणजे पेटीवरची काळी पाच. तुम्ही सी वाजवलात की पियानोवर तो बी फ्लॅट असतो. पियानोवाला 'एफ ब्लूज' म्हणाला (पांढरी चार), तर तुमच्यासाठी ती जी. त्याची बी फ्लॅट तुमची सी, त्याची ई फ्लॅट तुमची एफ, त्याची सी तुमची डी. प्रत्येक वेळी एक पूर्ण स्वर वर. क्लबात बहुतेक ट्यून एफ, बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्ये असतात, त्या तीन जोड्या झोपेतही सांगता आल्या पाहिजेत. विसरून एफ ऐकलं आणि एफच धरलं, तर तुमचं सगळं वाजणं बाकीच्यांपेक्षा एक स्वर खाली जातं आणि पहिल्या दोन बारांतच सगळे वळून बघतात.

आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा पट्टी बोटांनी सांगतात. बोटं खाली म्हणजे पट्टीत तितके फ्लॅट (कोमल) सूर: एक बोट खाली एफ, दोन बी फ्लॅट, तीन ई फ्लॅट. बोटं वर म्हणजे तितके शार्प (तीव्र). ही खूण पियानोच्या पट्टीची असते, स्वर तुम्हीच चढवायचा. मोबाइलवरच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) अ‍ॅपमध्ये बी फ्लॅट वाद्य निवडायची सोय असते, ती घरीच लावून ठेवा.

आवर्तन

ब्लूज म्हणजे 12 बार, प्रत्येकात 4 मात्रा, एकूण 48. विलंबित एकताल चार-चार भाग करून मोजणाऱ्याला हा आकडा ओळखीचा आहे. एफ ब्लूज तुमच्या ट्रम्पेटवर असा पडतो: पहिले चार बार जी7, पाचवा-सहावा सी7, सातवा-आठवा पुन्हा जी7, नववा ए मायनर7, दहावा डी7, शेवटचे दोन जी7वरून परत समेकडे. पियानोवाले यात आणखी कॉर्ड भरतात, पण खांब हेच.

हे पाठ करायला स्केल घोकू नका. प्रत्येक कॉर्डचे फक्त दोन सूर धरा, कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून तिसरा आणि सातवा. जी7चे बी आणि एफ, सी7चे ई आणि बी फ्लॅट. चौथ्या बारातून पाचव्यात जाताना बी अर्धा स्वर उतरून बी फ्लॅट होतो आणि एफ उतरून ई. एवढी एक हालचाल वेळेवर आली की बास आणि पियानो नसतानाही ऐकणाऱ्याला वळण कळतं. आठवडाभर रोज वीस मिनिटं फक्त हे दोन सूर, दोन-दोन मात्रांचे, बारा बार न थांबता. मग त्यांच्या आजूबाजूला बाकीचं भरा.

मेट्रोनोम मात्र समेवर लावू नका. 160ची लय हवी असेल तर 80वर ठेवा आणि प्रत्येक ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजून मोजा. ड्रमरचं हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तिथेच वाजतं. बँडपथकातून आलेल्या वादकाचा जोर पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतो, आणि तेवढ्यानेच स्विंगची चाल कूच केल्यासारखी होते.

दुसरा साचा 32 बारांचा: आठ बारांचा एक तुकडा दोनदा, मग 17व्या बारापासून वेगळा आठांचा ब्रिज, मग पहिला तुकडा पुन्हा. चुकायची जागा ब्रिजनंतर येते. शेवटचा तुकडा आणि पुढच्या आवर्तनातले पहिले दोन मिळून तोच तुकडा सलग तीनदा येतो. नवा माणूस दुसऱ्यानंतरच ब्रिजमध्ये उडी मारतो. हरवलातच तर थांबा, वाद्य खाली घ्या, बासकडे कान द्या. ब्रिज किंवा पाचवा बार आला की पुन्हा शिरा. गप्प राहिलेले चार बार कोणाला खटकत नाहीत.

स्टेजवर

ट्यून सुरू होण्याआधी विचारून घ्या: मुखडा कोण वाजवणार, शेवट कसा. सॅक्सोफोन असेल तर बहुतेकदा दोघांनी मिळून मुखडा, मग सोलो. सोलो दोन आवर्तनांचा पुरे. दुसऱ्याच्या अखेरीस वाक्य स्पष्ट संपवा, माइकपासून बाजूला व्हा आणि पुढच्या वादकाकडे बघा. बासच्या सोलोत एकही सूर नको.

ड्रमरबरोबर चार-चार बारांचा सवाल-जवाब आला की ब्लूजमध्ये एक गंमत होते. बारा बारांत चारचे तीनच तुकडे बसतात. पहिलं आवर्तन तुम्ही-ड्रमर-तुम्ही, म्हणून दुसरं ड्रमर सुरू करतो. हे डोक्यात नसेल तर दोघं एकदम वाजवता. कुणी डोक्यावर हात ठेवला तर परत मुखडा. शेवटची ओळ तीनदा वाजवून संपवायची पद्धत फार चालते, तिथे नेत्याच्या डोळ्यांकडे बघा.

तुमची ट्यून विचारली तर मध्यम लयीचा ब्लूज सांगा. येत नसलेली ट्यून 'येते' म्हणू नका. वयाने मोठ्यांना 'सर' किंवा 'अंकल'. यांतल्या अनेकांचं पहिलं शिक्षण चर्चच्या शाळेत सोल्फेजने (डो-रे-मी म्हणत सूर वाचायच्या पद्धतीने) झालेलं असतं, त्यामुळे समोर लिहिलेला कागदही येऊ शकतो, नोटेशन वाचायचा सराव ठेवा. या परंपरेतले गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही त्यांचं ट्रम्पेट आहे. त्या काळची रेकॉर्डिंग जरूर ऐका, समोरच्या ज्येष्ठांचा कान तिथूनच तयार झाला आहे.

माइकपासून वाद्याचं तोंड एक-दीड वीत. हार्मन म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवून आवाज दबका करणारं धातूचं बूच) मधली दांडी काढून लावाल तेव्हा दोन-तीन बोटांवर या, नाहीतर आवाज पोचतच नाही. साउंडवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो आवाज वाढवतो आणि माइक शिट्टी मारतो. म्यूट बसवण्याआधी कॉर्कवर तोंडाची वाफ सोडा, म्हणजे गाण्यात गळून पडत नाही. हार्मनने सूर चढतो, मुख्य स्लाइड थोडी बाहेर ओढा आणि म्यूट काढल्यावर आत घ्यायला विसरू नका.

खारी हवा, गरम हवा

तापमान दर अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो, आणि सूर चढतो. वाळूवरच्या उघड्या शॅकमध्ये ट्रम्पेट चढं लागतं, एसी क्लबात उतरतं. कीबोर्ड जागचा हलत नाही, हलायचं तुम्हाला. पाच मिनिटं वाजवून वाद्य गरम झाल्यावरच पियानोच्या बी फ्लॅटला तुमचा सी मिळवा, मग जी तपासा. खालचा डी आणि सी शार्प स्वभावतः चढे असतात, तिथे तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड बाहेर ढकला, सी शार्पला जास्त. दोन सेटच्या मधे स्टँडवर वाद्य गार होतं, सुरू करण्याआधी आवाज न करता त्यात गरम हवा फुंका.

व्हॉल्व्हला तीन-चार थेंब व्हॉल्व्ह ऑइलच. खोबरेल तेल घरात हाताशी असतं, पण ते साधारण 24 अंशांखाली थिजतं. एसीत पिस्टन अडकतो आणि वर चिकट थर उरतो. तेल घालून पिस्टन परत टाकताना 1-2-3 आकडे बघा आणि खाचेत बसल्याचा टकटक आवाज ऐका. चुकीचा बसला तर हवाच जात नाही.

जेवण वाजवायच्या दोन तास आधी. तिखट बांगड्याने ओठ जळतात, सोलकढीचा आंबटपणा आणि नारळ नळीत बसतो. चूळ भरून मगच वाद्य तोंडाला लावा. आधी दहा मिनिटं हळू लांब सूर, वरचे सूर राखून ठेवा. माउथपीस ओठांवर दाबून वरचा सूर काढलात तर दुसऱ्या सेटला ओठ सुजलेले असतात.

उघड्या जागी रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळे तिथले सेट लवकर सुरू होतात. तासभर आधी पोचा. निघताना पाणी पूर्ण काढा, घामाचे हात लागलेली सगळी जागा मऊ कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा. माउथपीस अडकला असेल तर पकड लावू नका, बँडवाल्याकडचं माउथपीस काढायचं यंत्र मागा.