डॉक्टरांना ऑनलाइन मोफत प्रश्न विचारताना

छातीत दाब, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काही असेल तर प्रश्न टाइप करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

बाकी वेळी पहिला संदेशच पूर्ण लिहा. "खूप त्रास होतोय, काय करू?" एवढंच लिहिलं, तर डॉक्टरांचं पहिलं उत्तर वय विचारण्यातच जातं आणि रांगेतला दुसरा कुणी ताटकळतो. वय, लिंग, त्रास कधीपासून, कशाने वाढतो, जुने आजार, अ‍ॅलर्जी, गरोदर असल्यास महिना लिहा. लहान मुलाचं वजन किलोत हवंच, कारण डोस बहुधा त्यावरच ठरतो. औषधाबद्दल नुसतं "तापाची गोळी" लिहू नका. पाकिटावरचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा घेतली, ते द्या.

फोटो हमखास फसतात. पिवळ्या दिव्याखाली पुरळाचा रंगच बदलतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर न लावता 2 फोटो काढा: एक जवळून, शेजारी नाणं ठेवून, दुसरा हातभर अंतरावरून. रिपोर्टमध्ये सामान्य मर्यादेचा रकाना दिसू द्या, नाव आणि फोन नंबर मात्र झाका.

एकच प्रश्न चार ठिकाणी टाकला की चार डॉक्टर एकाच कामात अडकतात. उत्तर मिळताच तसं कळवा.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा प्रश्न जरूर लिहून द्या, पण त्यांच्याच शब्दांत. "जळजळ" म्हणाले तर "अ‍ॅसिडिटी" लिहू नका. डॉक्टरांची दिशाच चुकते.