चॉकलेट चिया पुडिंग : कुठला फ्लेवर कधी घालायचा

चॉकलेट चिया पुडिंगला गॅस पेटवावा लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. मे महिन्यात मुंबईत ओट्यासमोर उभं राहायचं म्हणजे घामाच्या धारा, त्यापेक्षा रात्री दुधात सगळं कालवून फ्रीजमध्ये टाकलं की सकाळी नाश्ता तयार. पण आठवडाभर तेच खाल्लं की कंटाळा येतोच, मग घरात दिसेल ते त्यात घालणं सुरू होतं आणि मग कधी दूध फाटतं, कधी कडवट लागतं, कधी वर पाणी सुटतं. माझ्या मते काय घालताय यापेक्षा कधी घालताय याला जास्त महत्त्व आहे. काही वस्तू सुरुवातीलाच दुधात जातात, काही पुडिंग सेट झाल्यावर, आणि काही फक्त खाताना वरून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं तुमच्या आवडीवर.

आधी बेस. दोन जणांसाठी २५० मिली दूध (तापवून पूर्ण गार केलेलं), ३ मोठे चमचे चिया, दीड मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, २ मोठे चमचे गूळ पावडर किंवा साखर, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, मिठाशिवाय चॉकलेट मिळमिळीत लागतं. ड्रिंकिंग चॉकलेट वापरणार असाल तर त्यात साखर आधीच भरपूर असते, म्हणजे वरची साखर जवळजवळ काढूनच टाका, आणि कोको कमी असल्यामुळे चवही फिकी येते, म्हणून मी तरी साधी कोको पावडरच घेते. दूध फुल क्रीम असेल तर पुडिंग मऊ आणि भरीव होतं, टोन्ड दुधाचं जरा हलकं होतं, दोन्ही चालतं.

कोको थेट गार दुधात टाकला की तो वर तरंगत बसतो आणि गुठळ्या होतात, कितीही ढवळा. त्यामुळे आधी वाटीत कोको, साखर आणि दोन-तीन चमचे कोमट दूध एवढंच घेऊन चमच्याने घोटून गुळगुळीत पेस्ट करायची आणि मग त्यात बाकीचं दूध हळूहळू घालायचं. पावसाळ्यात आपल्याकडे कोकोच्या डब्यात दमटपणाने खडे होतात, तेव्हा चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. गूळ असेल तर तो गार दुधातच विरघळवा, गरम दुधात गूळ पडला की दूध फाटायची शक्यता असते.

मग चिया घालायचं, रवीने किंवा काट्या-चमच्याने नीट फिरवायचं, आणि १०-१५ मिनिटांनी परत एकदा ढवळायचं. हे दुसरं ढवळणं बरेच जण टाळतात आणि मग सकाळी तळाशी चियाचा गोळा आणि वर चॉकलेटचं दूध अशी अवस्था. चिया आपल्या वजनाच्या साधारण दहापट पाणी शोषतं आणि बाहेरून बुळबुळीत जेल धरतं, पण दाणे एकमेकांना चिकटून बसले की आतल्यांना ओल पोचत नाही. चार तासांत सेट होतं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. सकाळी फार दाट वाटलं तर दोन चमचे दूध, पातळ वाटलं तर अजून अर्धा चमचा चिया आणि अर्धा-पाऊण तास थांबा.

सब्जा चालेल का हे सगळेच विचारतात. फालुद्यातला सब्जा दिसतो तसाच, पण तो पाण्यात पाव तासात फुगतो आणि प्रत्येक दाणा आपापलं जेल धरून सुटा राहतो, अख्ख्या दुधाला बांधत नाही. त्याचं पुडिंग होत नाही, चॉकलेट फालुदा होतो. तोही वाईट नसतो म्हणा.

आता फ्लेवर. सुरुवातीलाच दुधात जाणाऱ्यांमध्ये माझा पहिला नंबर कॉफी आणि जायफळाला. आपल्याकडे कॉफीत जायफळ किसून घालायची पद्धत जुनी आहे, आणि कोकोबरोबर ती जोडी इतकी जमते की कुठलंही फॅन्सी एसेन्स नको. कोकोच्या पेस्टमध्येच एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी घालायची, माटुंग्याहून आणलेली फिल्टर कॉफीची पूड घरात असेल तर तीन-चार चमचे डिकॉक्शन घालून तेवढं दूध कमी करायचं, चिकरीवाली असली तरी हरकत नाही, उलट चिकरीचा कडसरपणा चॉकलेटला शोभतो. जायफळ मात्र अख्खं घेऊन किसणीवर दोनदाच घासा. रात्रभरात मसाल्याचा वास दुधात मुरत जातो, त्यामुळे रात्री चाखून जेवढं बरोबर वाटतं ते सकाळी जास्तच लागतं. हा नियम वेलची, सुंठ, दालचिनी सगळ्यांना लागू, रात्री चव किंचित कमी वाटली पाहिजे.

दालचिनी आणि तिखट हा दुसरा प्रकार. ऐकायला विचित्र, पण चिया मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, कोकोही तिकडे फार पूर्वीपासून वापरतात, आणि तिकडे चॉकलेटमध्ये मिरची घालतात ही जुनी गोष्ट आहे. पाव छोटा चमचा दालचिनी पूड आणि काश्मिरी मिरचीची एक चिमूट, बस. घरचा मालवणी मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घालायचा मोह आवरा, त्यात धणे-बडीशेपेपासून काय काय असतं, त्याचं पुडिंग नाही, कालवण होईल.

संत्र्याचा फ्लेवर हवा असेल तर रस नको, साल हवी. रसाच्या आंबटपणाने दूध फाटतं, पण सालीचा वरचा नारिंगी थर बारीक किसणीवर किसून अर्धा छोटा चमचा दुधात घातला की मस्त वास येतो. पांढरा भाग किसला तर कडू होणार, हात तिथेच थांबवा. साल किसायच्या आधी संत्रं नीट धुऊन पुसून घ्या, आणि उरलेलं संत्रं खाऊन टाका.

नारळाच्या दुधाचं पुडिंग हा खरं तर वेगळाच पदार्थ आहे आणि मला वाटतं साध्या दुधापेक्षा हा सरस आहे. कोकणात शिरवाळ्यांबरोबर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस करतात ना, तोच रस करायचा आणि त्यात कोको आणि चिया घालायचं. एका नारळाचं खोबरं कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवून पिळून घेतलं की पहिला दाट रस मिळतो, दुसऱ्यांदा पाणी घालून पातळ रस, दोन्ही मिसळून २५० मिली मोजून घ्या. पाकिटातलं वापरत असाल तर ते फार दाट असतं, निम्मं पाणी घाला नाहीतर फ्रीजमध्ये वर चरबीचा थर धरतो. इथे साखर नको, गूळच, आणि काळपट गूळ मिळाला तर अजून छान कारण कोकोबरोबर त्याला कॅरॅमलसारखी चव येते. वेलची चार दाणे कुटून. वरून ओल्या खोबऱ्याचा कीस किंचित भाजून घातला तर पाहुण्यांना द्यायच्या लायकीचं होतं, आणि दूध न खाणाऱ्यांचीही सोय होते. फक्त ताज्या नारळाच्या रसाचं पुडिंग जास्त दिवस टिकत नाही, दुसऱ्या दिवशी संपवा.

दाटपणा वाढवणाऱ्या वस्तूंना वेगळं गणित लागतं. शेंगदाणे, केळं, चिकू, चक्का, यांनी पुडिंग आणखी घट्ट होतं म्हणून चिया अर्धा चमचा कमी करायचं, नाहीतर चमचा उभा राहील. दाण्याचं कूट असंच टाकलं तर रवाळ लागतं. भाजून सोललेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा, मध्येमध्ये थांबून, मग एक मोठा चमचा कोकोच्या पेस्टमध्येच मिसळा, आणि मिठाची चिमूट जरा मोठी घ्या. वरून लोणावळ्याची चिक्की कुटून घातली की मुलं डबा चाटूनपुसून परत आणतात, पण शाळेत कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हा प्रकार घरीच.

केळं पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं वेलची केळं, एक पूर्ण कुस्करून दुधात. साखर निम्मी करा. केळं काळं पडतं ही नेहमीची तक्रार इथे नाही, कोको सगळं झाकतो. वसईची सुकेळी मिळाली तर तिचे बारीक तुकडे वरून घालून बघा, चिवट-गोड असे मध्ये मध्ये येतात.

चिकू मात्र कमाल. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, आपल्या एवढ्या जवळचं फळ आहे आणि चॉकलेटशी त्याचं सूत फार छान जुळतं कारण त्याची स्वतःची चवच काळ्या गुळाकडे झुकलेली. पूर्ण पिकलेले दोन चिकू, गर दुधाबरोबर मिक्सरला एकदाच फिरवून मग कोको-चिया. कच्चट चिकू घेतला तर त्याचा चीक आणि तुरटपणा कोकोच्या कडवटपणात मिसळतो आणि सगळं तोंडात बसतं, तेव्हा दाबून बघूनच घ्या.

आणि हापूस? माझं स्पष्ट मत, हापूस कोकोत मिसळू नका. कोकोपुढे त्याचा वास मरतो आणि रंगही मातकट होतो, एवढ्या महागाचा आंबा वाया. ग्लासात खाली सेट झालेलं चॉकलेट पुडिंग, वर आंब्याच्या फोडी किंवा घट्ट रस, असे थर लावा आणि लगेच खा. स्ट्रॉबेरीचंही तेच. हिवाळ्यात महाबळेश्वरची आली की चिरून एक चमचा साखर भुरभुरवून वीस मिनिटं ठेवायची, तिला जो लाल रस सुटतो तोच सॉस, वेगळं काही शिजवायला नको. तो खायच्या वेळी वर ओता, आधी मिसळलात तर आंबटपणाने दूध फुटकं दिसतं.

अननस, पपई आणि किवी न शिजवता दुधाच्या पुडिंगमध्ये ठेवूच नका. त्यातली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि काही तासांत कडू चव येते. अननस हवाच असेल तर साखर घालून पाच-सात मिनिटं चांगला शिजवून, गार करून मग घाला, शिजवल्यावर ती एन्झाइम्स निकामी होतात.

चक्का हा सेट झाल्यावर घालायचा. पुडिंगमध्ये निम्म्याने चक्का घालून फेटलं की चॉकलेट श्रीखंडासारखं काहीतरी होतं, किंचित आंबट, फार भारी. साखर चाखून वाढवा. गुलकंदही असाच नंतरचा, ग्लासात अर्धं पुडिंग, एक चमचा गुलकंद, परत पुडिंग, वर चार दाणे बडीशेप. गुलकंद इतका गोड असतो की बेसमधली साखर निम्म्यावर आणली तरी चालतं. जेवणानंतर पानाऐवजी हे द्या.

काही जणांना चियाचे ते बुळबुळीत दाणे दाताखाली आलेलेच आवडत नाहीत, विशेषतः मुलांना आणि वडीलधाऱ्यांना. त्यांच्यासाठी सेट झालेलं पुडिंग मिक्सरला मिनिटभर फिरवा, मूससारखं गुळगुळीत होतं आणि फ्लेवर कुठलाही असो चालतं. किंवा चिया कोरडंच मिक्सरमध्ये दळून घ्या, ते तर तासाभरात घट्ट होतं. एक मात्र कटाक्षाने पाळा, कोरडं चिया चमच्याने तोंडात टाकून वर पाणी पिणं हा प्रकार करू नका, घशात फुगून अडकू शकतं. आणि सवय नसेल तर पहिल्या दिवशी अर्धी वाटीच खा, चियात फायबर खूप असतं, २८ ग्रॅममध्ये जवळपास १० ग्रॅम, पोट फुगतं, पाणी जास्त प्या.

कुरकुरीत गोष्टी सगळ्यात शेवटी, म्हणजे अगदी खाताना. राजगिऱ्याच्या लाह्या, भाजलेले मखाणे, बदामाचे काप, चिक्कीचा चुरा, हे रात्री घातलं की सकाळी लगदा. ऑफिसला न्यायचं असेल तर फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी किंवा घट्ट स्टीलचा डबा, आणि कुरकुरीत भाग वेगळ्या छोट्या डबीत. लोकलच्या गर्दीत बॅग आडवी-तिडवी होणारच, प्लास्टिकच्या साध्या डब्यातून हे बाहेर येतं आणि लॅपटॉपवर कोकोचे डाग पडतात. उन्हाळ्यात विरार किंवा कल्याणवरून चर्चगेट-सीएसएमटी गाठायचं म्हणजे तासापेक्षा जास्त, तर डब्याशेजारी गोठवलेली पाण्याची छोटी बाटली ठेवा आणि पोचल्या पोचल्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये.

उपासाला चालतं का हा आईचा प्रश्न. त्याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं, ज्यांच्याकडे सब्जा चालतो त्यांच्यातले बरेच जण चियाही चालवून घेतात, पण कोको आला की भुवया वर जातात. तुमच्या घरी जे चालतं तेच करा, मी त्या भांडणात पडत नाही.

साधं दुधाचं पुडिंग फ्रीजमध्ये ३ दिवस आरामात राहतं, केळं-चिकू घातलेलं दीड-दोन दिवस, वर फळांच्या फोडी ठेवलेलं त्याच दिवशी संपवायचं. कोकोच्या वासात दूध आंबल्याचा वास पटकन कळत नाही, म्हणून डब्याच्या झाकणावर केल्याची तारीख लिहून चिकटपट्टी लावा, आणि शंका आली तर चाखत बसू नका, सरळ टाकून द्या.