नेब्रास्कातला पहिला हिवाळा: बर्फ पडायच्या आत काय काय हाताशी हवं

समजा साल १८७३, सप्टेंबर महिना, अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य. होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली, १६० एकरांचा क्लेम (जमिनीवरचा दावा) वसंतातच नावावर टाकलाय, दहा डॉलर फी आणि वर थोडं कमिशन भरून. आता पाच वर्षं तिथे राहून जमीन कसून दाखवली की ती आपली. (फुकट म्हणायचं खरं, पण ही पॉनी, ओटो, ओमाहा या मूळ रहिवासी जमातींची भूमी, त्यांच्याकडून करार करून काढून घेतलेली, ते क्लेमच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.) नवरा, बायको, तीन पोरं, बैलजोडी, एक गाय. आणि नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही. सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते बघा. लाकूड नाही, म्हणजे घर गवताचं, जळण गवताचं, आणि आग लागली तर तीही गवताचीच.

तर सगळ्यात आधी जाळरेषा. सप्टेंबरात गवत वाळून कडक होतं आणि कुठून वीज पडली, ठिणगी उडाली की वणवा वाऱ्याबरोबर घोड्याला मागे टाकेल अशा वेगाने येतो, त्यामुळे घर, गोठा आणि गवताची गंजी या सगळ्याभोवती नांगराची चारपाच तासं काढायची, थोडं अंतर सोडून बाहेरून परत तेवढीच, आणि वारा पडलेला असेल अशा संध्याकाळी मधला पट्टा स्वतःच जाळून टाकायचा. ओली पोती आणि पाण्याचं पिंप जवळ ठेवून. हे काम उद्यावर टाकायचं नाही, गंजी गेली तर गायही गेली आणि जळणही गेलं.

घर एव्हाना उभं असणारच. मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा, फूटभर रुंद, चारेक इंच जाड, साधारण तीन फूट लांब, गवताची बाजू खाली करून रचलेल्या. सोळा बाय वीस फुटांच्या एका खोलीला अर्धा-एक एकर रान सोलावं लागतं. भिंत दोन फूट जाड, त्यामुळे ऊब छान राहते, पण छप्पर म्हणजे डोक्याला ताप, बाहेर पाऊस थांबला तरी आत दोन दिवस चिखल ठिबकतो. छताखाली मांजरपाट ताणून बांधा, माती, उंदीर आणि कधीमधी साप निदान ताटात तरी पडणार नाहीत. आतल्या भिंती कुदळीने तासून चिकणमातीने लिंपून घ्या, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबा.

आता जळण, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. शेणाच्या गोवऱ्या, म्हशींच्या नाही हो, तिकडच्या बायसन नावाच्या रानगव्यांच्या आणि गुरांच्या, माळावर आपोआप वाळलेल्या मिळतात, पोरांना पोती देऊन रोज पिटाळायचं आणि पहिल्या पावसाच्या आत आडोशाला रचून ठेवायच्या. मक्याची बुरकुंडं एकही फेकायची नाही. पण मुख्य भार गवतावरच, आणि सुटं गवत भुर्रकन जळतं म्हणून त्याचे पीळ घालायचे, दोरी वळतो तसं, मग दुमडून टोक आत खोचायचं. मी हौसेने घरामागे करून बघितलं होतं. दहाबारा पीळ घातले, तळहात सोलून निघाले आणि चहाला उकळी यायच्या आत सगळे संपले. वादळात घरातलं एक माणूस दिवसभर फक्त पीळच घालत बसलेलं असतं, म्हणून गंजी तुम्हाला पुरेशी वाटते त्याच्या दुप्पट करा.

खाण्याचं पटकन सांगते. बटाटे, सलगम, कोबी जमिनीखाली पेवासारखा खड्डा करून त्यात, मक्याचं पीठ दळून आणलेलं (गिरणी दोन दिवसांवर असू शकते), साखरेऐवजी ज्वारीच्या जातीच्या सॉर्गमची काकवी, कॉफीऐवजी भाजलेली राय (मोहरी नाही, गव्हासारखं एक धान्य). डुक्कर मात्र कडक थंडी पडल्यावरच मारायचं, नाहीतर मांस नासतं, मग मिठाच्या पाण्यात पिंपात. चरबी वेगळी कढवून ठेवा, साबणालाही लागते आणि दिव्यालाही. घासलेट संपलं की बटणाला चिंधी बांधून चरबीच्या बशीत ठेवायची, झाली पणती.

कपडे, बूट, विणलेले मोजे, हिवतापावरचं क्विनाइन, तो भाग बायकांना सांगायला लागत नाही. रोख पैशासाठी नवरा रेल्वेच्या कामावर जाणार असेल तर त्याआधी दोन गोष्टी करूनच जायचं, विहिरीचा दोर बदलायचा आणि घराच्या दारापासून गोठ्याच्या दारापर्यंत दोरखंड ताणायचा. हसू नका, ब्लिझर्डमध्ये, म्हणजे हिमवादळात, स्वतःचा हात दिसत नाही, गाय पिळायला निघालेला माणूस दहा पावलांवर हरवतो. १२ जानेवारी १८८८ला तर सकाळी इतकं उबदार होतं की लोक पातळ कपड्यांत बाहेर पडले, पोरं शाळेत गेली, आणि मग वादळ आलं.

आणि मार्चमध्ये बर्फ वितळला म्हणून उरलेलं गवत गुरांपुढे टाकून मोकळं व्हायचं नाही. याच १८७३ साली, १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, वादळ सुरू झालं ते तीन दिवस थांबलं नाही, लोकांनी गुरं घरात घेतली. एक छोटी गंजी घराच्या अगदी भिंतीला लागून ठेवा आणि मे उजाडेपर्यंत तिला कुणाला हात लावू देऊ नका.