कारवी बघायला जायचंय? आधी वर्ष मोजा

कारवीचं असं आहे की नुसता सप्टेंबर गाठून भागत नाही, वर्ष पण गाठावं लागतं. आपल्या सह्याद्रीतलं हे झुडूप सात वर्षं नुसतं वाढतं, आठव्या वर्षी फुलतं, बी धरतं आणि मरतं, आणि एका डोंगरावरची जवळपास सगळी झुडपं एकदमच फुलतात. मुंबईच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुलली, मग २०२४ ला, म्हणजे तिथे आता नंबर २०३२ चा. पण हाच हिशोब भीमाशंकर, माळशेजला लावू नका, शेजारच्या डोंगराची पाळीसुद्धा वेगळी असू शकते. त्यामुळे रील्स बघून गाडी काढण्याआधी पायथ्याच्या गावात कोणालातरी विचारा, "औंदा कारवी फुलणार का?" कुडाच्या भिंतींना याच काठ्या वापरत आलेत, त्यांना बरोबर माहीत असतं.

ओळखायची कशी? पान चोळून बघा, मोठं, दातेरी कडेचं आणि सॅंडपेपरसारखं खरखरीत. खोडावर बारीक गाठी. उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या काठ्या उरतात. फूल निळं-जांभळं, नरसाळ्याच्या आकाराचं, आत डोकावलंत तर केस दिसतील. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गोल टोपलीसारखी बुटकी दिसते ती टोपली कारवी, वेगळी जात. आणि मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, ती पण वेगळी, व्हॉट्सॅपवर सगळं एकत्र करतात लोक.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर बेस्ट. सकाळी लवकर निघा, ग्रिपवाले बूट घाला कारण उतार शेवाळलेले असतात, परफ्यूम नको कारण मधमाश्या तुटून पडलेल्या असतात (कारवीचा मध मिळाला तर सोडू नका, गडद आणि घट्ट असतो). फोटोसाठी झुडपांत घुसू नका प्लीज, वाटेवरूनच भरपूर मिळतात, आणि फुलं तोडलीत तर बी कुठून येणार, तिला दुसरा चान्स नाहीये.

फुलं गेल्यावर गेलात तर जुने कपडे घाला, तुरे चिकट होतात आणि वास एवढा उग्र की बाही घासली तरी घरापर्यंत येतो.

पण माझं ऐकाल तर पुढच्या जूनला परत त्याच डोंगरावर जा. वाळलेल्या काठ्यांवर बोंडं तशीच असतात, पहिला पाऊस पडला की तडतड फुटतात आणि बी उडतं. तेव्हा गर्दी पण नसते.