सँतांतोनँचं जुनं नगरगृह कसं पाहावं

दक्षिण फ्रान्समध्ये आव्हेरों नदीकाठी सँतांतोनँ-नोब्ल-वाल नावाचं गाव आहे. तिथली ही दगडी वास्तू १२व्या शतकातली. आधी एका धनिकाचं घर, पुढे १४व्या शतकापासून नगरगृह. फ्रान्समधल्या सर्वांत जुन्या नागरी, म्हणजे धार्मिक किंवा लष्करी नसलेल्या, वास्तूंमध्ये तिची गणना होते.

चौकात पोहोचलात की नजर आपोआप मनोऱ्याकडे जाते. माझीही गेली होती, आणि तोच सर्वांत प्राचीन भाग असणार असं मी धरून चालले. पण तो १९व्या शतकातला! व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने जीर्णोद्धार करताना तो इटालियन धाटणीने चढवला. म्हणून मनोरा क्षणभर हाताने झाका आणि उरलेली इमारत बघा.

आता पहिल्या मजल्यावरची खांबांची ओळ. इथे घाई करू नका. जमल्यास दुर्बीण न्या. एका खांबावर आदम, हव्वा आणि सर्प, तर दुसऱ्यावर कायद्याचा ग्रंथ धरलेला रोमन सम्राट जस्टिनियन, ज्याने कायदे संकलित करवले. एकीकडे पाप, दुसरीकडे न्याय. ज्या घरातून पुढे गावाचा कारभार चालला, त्याच्या दर्शनी भागावर ही जोडी पाहून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मग दगडांमधले सांधे न्याहाळा. अशा जुन्या दगडी भिंतीत सांध्यांना सहसा चुनाच हवा. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कोरीवकामाला मात्र हात लावू नका, घामातले क्षार आणि तेल दगडात मुरतात.