पावसाळ्यात घट्ट बसलेला ओपिनेल

फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल हा 1890 पासूनचा लाकडी मुठीचा घडीचाकू. त्याची एकच अडचण: हवा दमट झाली की मूठ फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. जुलैत माझा ऑलिव्हच्या लाकडाचा चाकू नखाने हलेनासा झाला होता. पकड किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊ नका, मुठीतल्या ज्या खाचेत पातं बसतं तिच्या कडेचा कपचा उडतो. साव्हॉयचे लोक करतात तेच करा:

1. पातं जिथे मुठीला जोडलेलं असतं तिथली धातूची कडी (पातं अडकवणारी) फिरवून तिची फट खाचेच्या रेषेत आणा.
2. बोटं खाचेपासून दूर ठेवून मुठीचं मागचं टोक लाकडी टेबलावर टकटक आपटा. पातं थोडं वर येतं, मग नखाने उघडा.
3. चाकू उघडाच ठेवून दोन दिवस पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, लाकूड तडकतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून खरं काम खाचेत आहे. मुठीला बाहेरून वॉर्निश असतं, पाणी शिरतं ते आतून. वाळल्यावर कान कोरायच्या कापसाच्या काडीने खाचेत जवसाचं तेल अगदी पातळ फिरवा, जास्तीचं टिपून घ्या आणि तीन-चार दिवस चाकू उघडाच राहू द्या. तेव्हापासून माझं पातं अंगठ्याने सहज उघडतंय, आणि आंबा चिरल्यावर चाकू नळाखाली न धरता ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करते.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग टाका.