प्लिटवित्सेला विद्यार्थ्यांचा गट नेताय? या चुका टाळा

क्रोएशियातल्या प्लिटवित्से राष्ट्रीय उद्यानात एकाखाली एक उतरत गेलेले १६ तलाव आहेत. फोटो पाहिले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: पोहता येईल का? पोहायला बंदी आहे, आणि हे सहल ठरतानाच सांगायला हवं. तिथे पोहोचल्यावर सांगितलं तर अर्धा गट हिरमुसतो आणि कुणीतरी हळूच पाय बुडवतोच.

नुसती बंदी सांगून थांबणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर साचत जातो, त्याचा सच्छिद्र दगड होतो आणि त्या दगडाचेच बांध हे तलाव अडवून धरतात. बांध आजही वाढताहेत, पण ते ठिसूळ आहेत. १९७९ साली या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामागे ही घडण आहे. एवढं समजावून सांगा. कारण कळलेली मुलं एकमेकांना आपणहून आवरतात. माशांना पाव टाकायचा नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

दुसरी चूक प्रवेशद्वाराची. ७८ मीटरचा वेलिकी स्लाप धबधबा आणि खालचे तलाव प्रवेशद्वार १ जवळ आहेत. कोझ्याक तलाव आणि वरच्या तलावांकडची वाट प्रवेशद्वार २ कडून जवळ पडते. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, त्यामुळे बस भलत्याच दारात थांबली तर धावपळ होते. ड्रायव्हरला दाराचा क्रमांक आदल्या दिवशीच लिहून द्या. सवलतीच्या तिकिटासाठी विद्यार्थ्यांची ओळखपत्रंही जवळ हवीत.

लाकडी फळ्यांची वाट अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि ओल्या फळ्या घसरतात. चपला नकोत, पकड असलेले बूटच घाला. चाळीस जणांची एकच रांग करू नका. दहा-दहांच्या तुकड्या करा, प्रत्येकीसोबत एक शिक्षक. फोटोसाठी वाट रुंद होईल तिथेच थांबा.

कुणी मागे राहिलं तर 'तलावापाशी थांब' या निरोपाचा काही उपयोग नाही, तलाव सगळीकडेच आहेत. कोझ्याक तलाव ओलांडायच्या बोटीच्या धक्क्यांना पी१, पी२, पी३ अशी नावं आहेत, भेटीची जागा त्यांतूनच ठरवा. बोटीत चढताना आणि उतरल्यावर डोकी मोजा.

सगळे तलाव दाखवणाऱ्या सी आणि एच या मार्गांना चार ते सहा तास लागतात. गटासाठी सहाच धरा, कारण उन्हाळ्यात बोटीची रांग लांबते. उशीर झालाच, तर प्रवेशद्वार १ कडून फक्त खालचे तलाव दाखवणारा ए मार्ग घ्या. तो दोन-तीन तासांत होतो. शेवटच्या बोटीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आत शिरतानाच विचारून घ्या.